डी ड्राइव्हमधली आजी

सकाळी लॅपटॉपचं बटण दाबायचं, चहा टाकायचा, आलं किसायचं, छान उकळू द्यायचा, गाळायचा... आणि कप घेऊन येऊन बघावं तर स्क्रीनवर ते गोल गोल अजून फिरतंच आहे! तुमच्याकडेही हेच चालत असेल तर हात वर करा. माझा २०१९ चा लॅपटॉप महिनाभर असाच छळत होता. वर आतून 'टक्... टक्' असा आवाज. त्यातच विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलेला.

म्हटलं, रविवारी एकदाचा निकाल लावू. जुनी हार्ड डिस्क बाहेर, नवी एसएसडी आत, तिच्यावर विंडोज ११. नवा लॅपटॉप घेण्यापेक्षा कितीतरी स्वस्त! फोनवर आईला हे ऐटीत सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "अगं, आजीच्या ओव्या त्यातच आहेत ना?"

होत्या. २०१२ च्या दिवाळीत आजीला जात्यापाशी बसवून केलेलं रेकॉर्डिंग. दोन वर्षांनी आजी गेली. कॉपी? एकच. पण मी बिनधास्त! "आई, ते डी ड्राइव्हमध्ये आहे. एकदम सेफ."

ऑफिसमधल्या आयटीवाल्या मित्राला हे सांगितलं तर तो हसलाच. "अगं बाई, सी आणि डी ही दोन घरं नाहीत. एकाच घरातल्या दोन खोल्या आहेत. घरच पडलं तर?"

खल्लास! विंडोज पुन्हा टाकताना बहुतेक वेळा फक्त सी पुसतात, डी तसाच राहतो. म्हणून आपला समज झालाय की डी म्हणजे तिजोरी. पण डिस्कच मेली की दोन्ही एकदम जातात. "टकटक येतेय ना? मग उगाच चालू ठेवू नकोस," तो म्हणाला. "चालू केलास की आधी ती एक फाइल काढ. बाकीचं नंतर."

रविवारी सकाळी देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. 'न्यू फोल्डर ३' उघडलं. कॉपीची हिरवी पट्टी निम्म्यावर अडकली. मीही श्वास रोखून अडकले. मग हळूच सरकली... आली! कॉलेजच्या ट्रिपचे फोटो मात्र निम्मेच आले. बाकीचे गेले ते गेलेच.

तर मंडळी, तुम्हीही हा उद्योग करणार असाल तर हे लक्षात ठेवा:

- आधी बॅकअप, तोही दोन ठिकाणी. डिस्क दिसतच नसेल तर घरी प्रयोग नकोत, थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे जा.
- विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. मशीन त्याहून जुनं असेल तर लिनक्स मिंट वापरून बघा.
- एसएसडी घेण्याआधी लॅपटॉपमध्ये कुठली बसते ते बघा: अडीच इंची साटा की च्युइंगगमच्या पट्टीसारखी एम डॉट टू.
- इन्स्टॉलेशनसाठी किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह लागतो आणि तो पूर्ण पुसला जातो. ओव्या त्याच्यावर ठेवू नका!
- जुनी डिस्क बिटलॉकरने लॉक असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आधीच शोधून लिहून ठेवा.
- डेस्कटॉप असेल तर इन्स्टॉल करताना जुनी डिस्क काढून ठेवा. यादीत चुकीची डिस्क निवडली की संपलं.
- विंडोजचं डिजिटल लायसन्स डिस्कला नाही, मदरबोर्डला बांधलेलं असतं. त्यामुळे होमच्या जागी होम टाकलं तर नवी की सहसा लागत नाही.
- वायफायचा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवा. सेटअपला नेट हवं असतं, आणि नेटला ड्रायव्हर!

आता पाण्याला उकळी फुटायच्या आत लॅपटॉप तयार असतो. विंडोज काय, पुन्हा टाकता येतं, दहा वेळा टाका. आजीला पुन्हा जात्यापाशी कसं बसवणार?

परवा आईच्या मोबाइलवर त्या ओव्या टाकल्या. म्हणजे तिसरी कॉपी. आईने डोळे मिटून सगळं ऐकलं, पदराने चष्मा पुसला आणि म्हणाली, "दुसऱ्या ओवीत एक शब्द चुकलीय ती."