हातावरची खूण

हात पाहून भविष्य सांगण्याच्या विद्येवर आमचा कधींच विश्वास नव्हता, आजहि नाहीं. तथापि ग्रीस देशांतील नाक्सोस बेटावरच्या एका रोगाची हकीकत वाचल्यापासून तळहाताकडे आम्ही जरा अधिक आदरानें पाहूं लागलों आहोंत.

ह्या बेटावरील कांहीं घराण्यांत लोकरीसारखे राठ, कुरळे केस घेऊन मुलें जन्मास येतात. मूल रांगूं-चालूं लागून हातापायांवर भार पडला, कीं त्याचे तळवे जाड होतात. त्यानें कोणाचें अडत नाहीं. परंतु तारुण्याच्या उंबरठ्यावर हृदयाचे ठोके चुकूं लागतात, मूर्च्छा येते, आणि एखादा धडधाकट तरुण अकस्मात् प्राणास मुकतो. केस, कातडें व काळीज ह्या तिहींचा हा संबंध निकोस प्रोटोनोटारिओस व त्यांचे सहकारी यांनीं १९८६ सालीं जगापुढें मांडला.

मूळ कारण २००० सालीं सांपडलें. भिंतीच्या विटा चुन्यानें सांधाव्या, तशा हृदयाच्या स्नायुपेशी डेस्मोसोम नांवाच्या सांध्यांनीं परस्परांस जखडलेल्या असतात. त्या सांध्यांतील एक प्रथिन प्लाकोग्लोबिन. तें घडविण्याचा पाठ ज्या जनुकांत असतो, त्यांतील अवघीं दोन अक्षरें ह्या रोग्यांत गळालेलीं असतात. हा पाठ तीन तीन अक्षरांनीं वाचावयाचा. दोन गळालीं कीं पुढील सारा पदच्छेद चुकतो! जन्मभर संस्कृत शिकविणारास हें निराळें समजावून द्यावें लागत नाहीं.

हेंच प्रथिन केसांत व कातडींतहि असतें. मग जेथें ताण, तेथें सांधा उसवतो. हृदय तर दिवसास सुमारें एक लाख वेळां आकुंचन पावतें. सुटलेल्या पेशी मरतात, त्यांची जागा चरबी व तंतु घेतात, आणि ठोक्याची विद्युल्लहरी वाट चुकते.

दोष आईबाप दोघांकडून आला तरच हा रोग होतो. सगोत्र कटाक्षानें टाळून मामेबहिणीशीं खुशाल लग्न लावणाऱ्या आमच्या देशस्थ घराण्यांनीं येथें क्षणभर थांबावें. मातृपक्षाच्याहि पांच पिढ्या मोजणारें सापिंड्य आपण रूढीपुढें गुंडाळून ठेविलें आहे.

नाक्सोसच्या बालकास निदान खूण तरी लाभते. तिच्यावरून दमछाक करणारे खेळ वेळींच बंद करतां येतात, हृदयाचा आलेख वरचेवर काढतां येतो, आणि जरूर तर छातींत ठोका सांवरणारें यंत्र बसवितां येतें. परंतु त्याच सांध्यांतील प्लाकोफिलिन-२ हें प्रथिन बिघडलें, तर केस व तळवे निर्दोष राहतात. शिवाय तेथें आई वा बाप, एकाकडून आलेला दोषहि पुरतो. अशा घरांत डॉक्टरांस धागा सांपडावयाचा तो एवढाच, कीं कोणी काका वा आत्या ऐन पंचविशींत, कांहीं दुखणें नसतां, एकाएकीं गेली होती.