विचारणारा माणूस

गेल्या रविवारी दुपारी टीव्हीवर ‘छोटी सी बात’ लागला होता. आई मटार सोलत बसली होती आणि तिचा हात सारखा थांबत होता. बसस्टॉपवर अरुण प्रभाच्या मागे उभा; बोलायचं ओठांवर आलेलं असतं, तेवढ्यात नागेश स्कूटर घेऊन हजर होतो आणि प्रभा मागे बसून निघून जाते. ‘किती गुणी मुलगा,’ आई म्हणाली. हेच ती मी लहान असतानाही म्हणायची.

अमोल पालेकर म्हटलं की बहुतेक घरांत हा गुणी मुलगाच आठवतो. नाहीतर ‘गोलमाल’मधली मिशी. मला मात्र आठवतो तो ‘घरौंदा’मधला सुदीप. सुदीप आणि छाया या दोघांना मुंबईत एक खोली हवी आहे. अर्धवट बांधलेल्या इमारती हिंडून बघतात, पै पै साठवून पैसे भरतात आणि फसवले जातात. मग एके दिवशी सुदीप छायाला सांगतो, तुझ्या त्या श्रीमंत मालकाने मागणी घातली आहे ना, कर लग्न. हृदयविकाराचा माणूस, असा किती दिवस जगणार? पुढे सगळं आपलंच. खलनायक असं बोलला असता तर आपण सोडून दिलं असतं. आपल्या गुणी मुलाच्या तोंडून ते येतं, म्हणून पोटात खड्डा पडतो. हा सिनेमा १९७७ चा. त्याच वर्षी श्याम बेनेगलांच्या ‘भूमिका’त पालेकर केशव दळवी झाले. बायकोच्या कमाईवर जगणारा आणि तिच्यावरच संशय घेणारा नवरा. ‘रजनीगंधा’, ‘छोटी सी बात’, ‘चितचोर’ असे ओळीने चालले असताना, लोकांना आवडलेला चेहरा या माणसाने आपल्या हाताने खरवडायला घेतला होता.

हे धाडस कुठून आलं, ते त्यांच्या सुरुवातीकडे पाहिलं की कळतं. पालेकर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले चित्रकार. बँकेत नोकरी आणि सत्यदेव दुबेंकडे नाटक. १९७१ साली दुबेंनीच दिग्दर्शित केलेल्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये ते पहिल्यांदा पडद्यावर दिसले. पुढच्या वर्षी ‘अनिकेत’ ही स्वतःची नाट्यसंस्था काढली. हिंदीतलं नाव या सगळ्याच्या नंतरचं. त्यामुळे १९८१ मध्ये ते दिग्दर्शनाकडे वळले, तेव्हा पहिलाच विषय निघाला मानवतच्या हत्याकांडाचा. ‘आक्रीत’ची पटकथा विजय तेंडुलकरांची आणि त्यातला, त्या हत्यांमागचा मुकुटराव पालेकरांनी स्वतः केला. ज्या लोकांनी ‘गोलमाल’ला खुर्चीतून लोळून हसून घेतलं होतं, त्यांच्यासमोर दोनच वर्षांनी हा मुकुटराव आला.

माझं म्हणणं खरं सुरू होतं ते ‘अनकही’पासून. चि. त्र्यं. खानोलकरांच्या ‘कालाय तस्मै नमः’ या नाटकावर बेतलेला, पालेकरांनीच दिग्दर्शित केलेला हा सिनेमा १९८५ चा. पंडित भीमसेन जोशी आणि जयदेव, दोघांनाही त्याच्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, एवढं बहुतेकांना आठवतं. गोष्ट मात्र अंगावर काटा आणणारी आहे. ज्योतिषी बापाने भविष्य वर्तवलंय की मुलाची पहिली बायको मरणार. मुलाचं एकीवर प्रेम आहे. तिला वाचवण्यासाठी तो दुसऱ्याच मुलीशी, मनाने दुबळ्या असलेल्या इंदूशी लग्न करतो. मरायचंच असेल तर ही मरू दे. दीप्ती नवलची इंदू त्या घरात इतक्या निर्मळपणे वावरते की आपल्याला तिच्याकडे धड बघवत नाही, कारण आपल्या पुढ्यात काय वाढून ठेवलंय, हे तिला ठाऊकच नसतं. तिला कुणी विचारलेलंच नसतं. हा मुलगाही पालेकरांनीच केला. ‘घरौंदा’तला सुदीप आणि हा, दोघंही चांगल्या घरातले, सभ्य. दोघांचाही हिशेब एका बाईच्या जिवावर चाललेला.

पुढे दिग्दर्शक पालेकर पुन्हा पुन्हा इथेच, बाईला कुणी विचारतं का या प्रश्नापाशी, येत राहिले, असं मला वाटतं. ‘थोडासा रूमानी हो जायें’मध्ये आपण कुरूप आहोत असं धरून बसलेली बिन्नी, आणि तिच्या दारात आलेला नाना पाटेकरांचा बारिशकर. तो पाऊस पाडेल की नाही यापेक्षा तो तिच्याकडे कसा बघतो, हा खरा सिनेमा. ‘दायरा’त अत्याचार सोसलेली मुलगी आणि बाईच्या वेशात नाचणारा कलावंत. मध्येच ‘बनगरवाडी’. ती या धाग्यात बसत नाही, पण माडगूळकरांचा तो उजाड माळ पडद्यावर इतका खरा पाहिला, की तिच्यावर एकदा स्वतंत्र लिहायचं ठरवलंय.

‘ध्यासपर्व’ मात्र पूर्ण बसतो. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढणारे, ‘समाजस्वास्थ्य’ मरेपर्यंत चालवणारे, त्यापायी कोर्टात उभे राहिलेले र. धों. कर्वे. किशोर कदम यांनी तो हट्टी, सरळ माणूस उत्तम केला आहे. पण सिनेमा संपल्यावर माझ्यासोबत घरी आल्या त्या सीमा विश्वासच्या मालतीबाई. मूल होऊ द्यायचं नाही हा निर्णय दोघांनी मिळून घेतलेला. त्याची किंमत तिच्या चेहऱ्यावर दिसत राहते. मोठ्या माणसाचं चरित्र करताना त्याच्या बायकोकडे इतका वेळ बघायला किती दिग्दर्शक थांबतात?

आणि मग ‘पहेली’. मी २००५ साली तो आत्याबरोबर पाहिला. शाहरुख खान, राणी मुखर्जी, राजस्थानी रंगांची उधळण. आत्या त्यासाठीच आली होती. लग्नाच्या पहिल्या रात्री नवरा हिशेबाच्या वह्या काढून बसतो आणि व्यापारासाठी निघून जातो. त्याचं रूप घेऊन भूत घरात येतं. सगळ्या गावाला फसवतं, पण नवरीपाशी, लच्छीपाशी येऊन मात्र खरं सांगतं. मी तुझा नवरा नाही. आता तू म्हणशील तसं. आत्याने त्या अंधारात माझं मनगट घट्ट धरलं. सतराव्या वर्षी, एका शनिवारी संध्याकाळी, पोहे घेऊन बाहेर जा म्हणून तिला सांगितलं होतं आणि सोमवारी तिचं लग्न ठरलं होतं. घरी येईपर्यंत ती काही बोलली नाही.

विजयदान देथांच्या मूळ कथेत भूत शेवटी पकडलं जातं आणि बाईला नवऱ्याबरोबरच राहावं लागतं. मणि कौलांनी त्याच कथेवरच्या ‘दुविधा’ या सिनेमात तोच शेवट ठेवला. पालेकरांनी भुताला नवऱ्याच्या देहात शिरू दिलं. जाणकारांनी नाकं मुरडली. मूळ कथेची धार गेली म्हणाले. धार गेली, हे मलाही मान्य आहे. तरी ज्याने इंदूला त्या घरात आणून सोडलं होतं, त्याने वीस वर्षांनी लच्छीला तिचं माणूस मिळवून दिलं, याबद्दल मी पालेकरांशी भांडणार नाही.

पंचाहत्तरी गाठल्यावर, २०१९ मध्ये, पालेकर ‘कुसूर’ या नाटकातून पुन्हा रंगमंचावर उभे राहिले. पोलीस नियंत्रण कक्षात काम करणारा एक निवृत्त अधिकारी. समोर टेबल, कानाला फोन, आणि पलीकडून एका बाईचा घाबरलेला आवाज.