वाऱ्याविरुद्ध जा, वाऱ्याबरोबर या

हिवाळ्यात बडोद्यात वारा बहुधा उत्तर-ईशान्येकडून येतो, आणि पावागड आमच्या ईशान्येला. म्हणून सायकलने चांपानेरला जायचं तर हेच दिवस. ताजे पाय असताना वाऱ्याशी भांडून घ्यायचं आणि दमल्यावर त्यालाच पाठीवर घेऊन घरी यायचं. जाताना पन्नासएक किलोमीटर, येताना तेवढेच.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी मी आणि पुतणी मनू साडेसहाला निघालो. उत्तरायण सरलेलं, तरी झाडाझाडांवर मांजा लटकत असतोच, म्हणून दोघांच्या गळ्याला रुमाल. हवा अशी की स्वेटर घालावा तर घाम, काढावा तर शिरशिरी. हालोल रस्त्याला लागलो तेव्हा उजाडत होतं. दोन्ही बाजूंना एरंड आणि कापूस, मध्येच काढून रचलेली तूर. पळसाला नुकत्या काळपट कळ्या धरल्या होत्या.

ही फेरी नुसती हौस नव्हती. मनूला मार्चमध्ये दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला जायचं आहे. ही शर्यत नव्हे. साडेतेरा तासांत अंतर पुरं करायचं, वाटेतलं पंक्चर आपलं आपण काढायचं; पहिला काय नि शेवटचा काय, मान सारखाच. घरात यावर बराच खल झाला. आजी म्हणाली, "एवढं कशासाठी?" भावाला ट्रकची काळजी. वहिनीने तोडगा काढला: आधी काकाबरोबर शंभर कर, काका हो म्हणाले तर जा. परीक्षा तिची, सही माझी. सही मारून मोकळं व्हावं असं हे काम नाही. वहिनीची भीती खरी आहे. हालोलच्या कारखान्यांकडे जाणारे ट्रक मीही रोज बघतो.

समोरचा वारा जरोदच्या आसपास चांगलाच जाणवू लागला. वाऱ्याचं गणित क्रूर आहे. वेग दुप्पट केला की हवेचा रेटा चौपट होतो. म्हणून आम्ही आलटून पालटून पुढे राहिलो. मागच्याला चाकाच्या आडोशाने बरीच उसंत मिळते. मनूची पाळी असताना मी तिच्याकडे बघत होतो. रस्त्यावर खड्डा आला की ती हाताने खाली दाखवायची, ट्रकचा आवाज आला की डावीकडे सरकायची, पण कच्च्यात उतरायची नाही. दर पाऊण तासाला तिच्या खिशातून काहीतरी निघायचं: चिक्की, केळं, गुळाच्या दशमीचा तुकडा. "भूक नाहीये काका, पण भूक लागेपर्यंत थांबलं की उशीर होतो." खरं आहे. शरीरात साठवलेली साखर दोन-तीन तासांच्या जोरकस मेहनतीत संपत येते, आणि संपली की पाय एकदम परक्याचे होतात.

हालोल मागे पडल्यावर पावागड अंगावर येतो. पायथ्याला चांपानेर. महमूद बेगड्याने १४८४ मध्ये घेतलेलं, २००४ पासून जागतिक वारसा. गड पुढे काही काळ शिंद्यांकडेही होता, त्यामुळे आपण अगदीच पाहुणे नाही. जामा मशिदीच्या थंडगार खांबांशी आम्ही पाय पसरून बसलो. त्या दहा मिनिटांसाठी मी पुन्हा पन्नास किलोमीटर जाईन.

मनूच्या बेतात इथून माचीचा घाट होता. वळणावळणांचा, चांगला चढ. तिने वर पाहिलं, बाटल्या हलवून बघितल्या, घड्याळ पाहिलं. मी मुद्दाम गप्प राहिलो. "चढेन मी," ती म्हणाली, "पण मग परतताना बाराचं ऊन लागेल. आज माची नको." चेहरा पडला होता, आवाज नव्हता.

माझ्या लेखी परीक्षा तिथेच संपली. अंतर काय, पायांना सवय झाली की वाढतं. परत फिरायचं कधी हे मात्र बऱ्याच दणकट सायकलवाल्यांनाही जमत नाही.

परतीला वारा पाठीशी आला. लोकांना वाटतं आता मजाच मजा. वेग वाढतो खरा, पण अंगाला वारा लागत नाही, आणि ऊन पहिल्यांदा जाणवतं. ऐंशीव्या किलोमीटरनंतर बोलणं बंद. मांड्या जड, तळवे बधिर, मान आखडलेली. आणि तरीही पोटात काहीतरी शांत शांत. आजीच्या "कशासाठी"ला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे, आणि ते तिला पटणार नाही.

शहरात शिरल्यावर सेव-उसळ. तिथूनच वहिनीला फोन लावला. "माझं हो आहे," म्हटलं, आणि माचीचं सांगितलं. पलीकडे क्षणभर काही नाही. मग, "ती कुठाय?"

"दुसरी प्लेट खातेय."

सोमवारी जिना उतरताना आम्ही दोघंही कठडा धरून होतो.