पांढऱ्या पाटीचं विमान

परवा रात्रीची गोष्ट. सबमिशनचा आठवडा, त्यामुळे अख्खं हॉस्टेल जागं. आमच्या रूममध्ये चारजणी फाइल लिहीत होतो (म्हणजे एकजण लिहीत होती, बाकीच्या तिघी उतरवत होतो!). तेवढ्यात रूममेटच्या मामेभावाचा अमेरिकेतून व्हिडिओ आला. साहेबांनी स्कायडायव्हिंग केलं होतं. पाठीला इन्स्ट्रक्टर बांधलेला, गाल वाऱ्याने फडफडतायत, खाली नकाशासारखी शेतं. झालं! फाइल बाजूला पडल्या आणि फायनल इयर संपलं की आपणही अशी उडी मारायचीच, असा ठराव एकमताने पास झाला.

मग नेहमीचा प्रश्न आला. पॅराशूट उघडलंच नाही तर? यावर तासभर चर्चा. पाणी भरायला खाली गेलो तेव्हा गेटवरच्या काकांनाही व्हिडिओ दाखवला. काका पूर्वी एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. त्यांनी तो शांतपणे पूर्ण बघितला आणि म्हणाले, "पोरींनो, ती छत्री राहू द्या बाजूला. गाडी कुणाची? पासिंग झालंय का तिचं?"

आम्ही खूप हसलो. विमानाचं पासिंग म्हणे! पण सबमिशन संपल्यावर मी सहज वाचायला बसले आणि माझं हसू बंद झालं. काकांनी विचारला तोच खरा प्रश्न होता. म्हणून हा लेख. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं. व्याकरण कुठे अडखळलं तर मराठी विभागाच्या संपादकांनी सांभाळून घ्यावं.)

आधी पॅराशूटबद्दल, कारण सगळ्यांची भीती तिथेच अडकलेली असते. अमेरिकेत नियम असा, की एका पाठपिशवीत दोन पॅराशूट हवीत, एक मुख्य आणि एक राखीव. राखीव पॅराशूट परवानाधारक माणसानेच घडी घालून भरायचं. नायलॉनसारख्या कापडाचं असेल तर ते उडीच्या आधीच्या १८० दिवसांत भरलेलं पाहिजे. दोघांनी एकत्र मारायच्या टँडम उडीत तर आणखी एक यंत्र सक्तीचं आहे. माणूस बेशुद्ध पडला, तरी ठरावीक उंचीवर ते राखीव पॅराशूट आपोआप उघडतं. म्हणजे चुकीला जागा आहे हे धरूनच सगळी रचना केलेली आहे. याला म्हणतात इंजिनिअरिंग!

आता ज्या विमानातून ही उडी मारायची त्याचं काय?

२१ जून २०१९. हवाई बेटांमधल्या ओआहू बेटावरचं डिलिंगहॅम एअरफील्ड. संध्याकाळची वेळ, सूर्यास्त आकाशातून बघायला निघालेली मंडळी. विमान बीचक्राफ्ट किंग एअर, दोन इंजिनांचं, साठच्या दशकात बनलेलं. आत पायलट धरून ११ जण. विमानाने जमीन सोडली आणि काही क्षणांत ते एअरफील्डच्या कुंपणापाशी कोसळलं. अकराच्या अकरा जण गेले. आत भरपूर पॅराशूट होती, पण त्या उंचीवर पॅराशूटचा उपयोग शून्य. ते उघडायला उंची लागते, वेळ लागतो. तिथे दोन्ही नव्हतं.

याच विमानाची तीन वर्षांपूर्वीची गोष्ट ऐका. जुलै २०१६, कॅलिफोर्नियातलं बायरन. हेच विमान १४ स्कायडायव्हर घेऊन वर गेलं, वेग कमी पडला, विमान स्टॉल झालं आणि गरगरत खाली आलं. शेपटीच्या आडव्या पंखाचा एक भाग तुटून पडला. पण तेव्हा उंची होती. चौदाही जणांनी उड्या मारल्या आणि ते वाचले. पायलटने तुटक्या शेपटीचं विमान एकट्याने खाली उतरवलं. (त्याला सलाम!) पुढे शेपूट दुरुस्त झाली. पण डाव्या पंखाला पीळ बसलेला होता. तो तसाच राहिला आणि विमान पुन्हा माणसं न्यायला लागलं.

ॲप्लाइड मेकॅनिक्स पास झालेल्या प्रत्येकाला पुढचं समजेल. विमान उचलतो पंख. पंखाचा वाऱ्याशी होणारा कोन एका मर्यादेपलीकडे गेला की हवा पंखाला धरून वाहत नाही, सुटते आणि लिफ्ट एकदम पडते. हाच स्टॉल. पंखाला पीळ असेल, तर त्याचा एखादा भाग आधीच जास्त कोनात असतो आणि तो इतरांच्या आधी हार मानतो. त्यात विमान जोरात वर खेचलं किंवा तिरकं करून वळवलं, की पंखांवरचा भार वाढतो. उंची न सोडता ६० अंशांत वळायचं तर भार दुप्पट होतो आणि स्टॉलचा वेग सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे जो वेग एरवी पुरेसा, तोच वळताना अपुरा पडतो.

अमेरिकेत विमान अपघातांची चौकशी एनटीएसबी नावाची संस्था करते. तिने या अपघाताचं कारण सांगितलं ते असं. पायलटने उड्डाण होताच विमान फार आक्रमकपणे हाताळलं, ते स्टॉल झालं आणि सावरायला उंचीच नव्हती. इथवर वाचून आपण म्हणतो, पायलटची चूक, फाइल बंद! पण अहवाल तिथे थांबत नाही. विमानाचा गुरुत्वमध्य मागच्या मर्यादेजवळ होता आणि अशा स्थितीत विमान कसं वागतं याचं प्रशिक्षण पायलटला नव्हतं. ज्याने त्याला शिकवलं त्याचं शिकवणंच कमी दर्जाचं होतं आणि सरकारी यंत्रणेला त्याचा पत्ता नव्हता. पंखाचा पीळ कंपनीने आणि तिच्या कंत्राटी मेकॅनिकने शोधला नाही, दुरुस्तही केला नाही. आणि शेवटचा मुद्दा, अमेरिकेच्या हवाई वाहतूक खात्याचे, म्हणजे एफएएचे, अशा उड्डाणांवर देखरेख करायचे नियमच अपुरे आहेत.

हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आणि तो आपल्याकडच्या कोणालाही एका मिनिटात कळेल.

आपल्या गावाकडे वडाप असतं. पांढऱ्या पाटीची जीप, म्हणजे कागदोपत्री खाजगी गाडी. पण आत पंधरा माणसं कोंबलेली आणि प्रत्येकाकडून भाडं घेतलेलं. पिवळ्या पाटीच्या गाडीला परमिट लागतं, ठरावीक मुदतीने फिटनेस लागतो. पांढऱ्या पाटीला त्यातलं बरंच काही लागत नाही. आपलं वडाप निदान बेकायदेशीर तरी आहे. अमेरिकेत स्कायडायव्हिंगच्या विमानांना ही सूट कायद्यानेच दिलेली आहे! पैसे घेऊन माणसं नेणाऱ्या विमान कंपनीला एफएएकडून खास प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्यासाठी प्रशिक्षण, देखभाल, कागदपत्रं सगळं तपासून घ्यावं लागतं. पण जे विमान मध्ये कुठे न उतरता, निघालेल्या विमानतळापासून २५ मैलांच्या आत, उड्या मारायलाच माणसं नेतं, त्याला हे प्रमाणपत्र लागत नाही. ते बहुतांशी खाजगी विमानाच्या नियमांवर उडतं. तपासणी मुळीच नाही असं नाही, भाड्याने माणसं नेणाऱ्या विमानाची दर १०० तासांच्या उड्डाणानंतर तपासणी करावीच लागते. पण पायलटला त्या विमानावर कसं शिकवलं, रोज वजन कसं मांडलं, याकडे एअरलाइनसारखं बारकाईने बघणारं बाहेरचं कोणी नसतं.

आणि हे काम विमानासाठी सोपं नाही. दिवसभर वर जायचं, रिकामं व्हायचं, धाडकन खाली यायचं, परत भरायचं. माणसं खुर्च्यांवर नाही, पुष्कळदा जमिनीवर मांडी घालून एकमेकांना चिकटून बसलेली. दार मागच्या बाजूला असेल तर उडीची वेळ आली की सगळे तिकडे सरकतात आणि त्यांच्याबरोबर गुरुत्वमध्यही सरकतो. स्वीडनमध्ये जुलै २०१९ मध्ये उमेओला आणि जुलै २०२१ मध्ये ओरेब्रोला अशी दोन विमानं पडली. दोन्ही वेळा नऊ जण गेले. दोन्ही चौकशांमध्ये वजन आणि गुरुत्वमध्य मागे असण्याचा मुद्दा निघाला. २००६ मध्ये अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या सलिव्हनला ट्विन ऑटर विमानाचं एक इंजिन उड्डाणानंतर लगेच गेलं. पायलटला वेग राखता आला नाही आणि आठपैकी सहा जण दगावले. आत बसलेल्यांना धरून ठेवणारे पट्टे पुरेसे नव्हते, हेही चौकशीत आलं.

आता सर्वांत चीड आणणारी गोष्ट. हे सगळं माहीत होतं! एनटीएसबीने २००८ मध्येच स्कायडायव्हिंगच्या विमानांवर खास अहवाल काढला होता. १९८० पासूनचे ३२ अपघात, १७२ मृत्यू. देखभाल नीट नाही, पायलटचं प्रशिक्षण नीट नाही, एफएएची देखरेख नीट नाही, हे तिन्ही त्यात लिहिलं होतं. पण एनटीएसबी फक्त शिफारस करू शकते, सक्ती नाही. अकरा वर्षांनी हवाईमध्ये त्याच तीन गोष्टी पुन्हा सापडल्या.

दुसरी बाजूही मांडते, नाहीतर आमचे डिबेट क्लबवाले सोडणार नाहीत. पहिला मुद्दा, जो स्वतःहून विमानाबाहेर उडी मारतो त्याने धोका पत्करलेलाच आहे, सही करून दिलेली आहे, मग सरकारने मध्ये का पडावं? माझं उत्तर असं, की त्याने उडीचा धोका पत्करला, पिळलेल्या पंखाचा नाही. पॅराशूट तो डोळ्यांनी बघू शकतो, इन्स्ट्रक्टरला दहा प्रश्न विचारू शकतो. पंख किती अंशांनी पिळलाय हे त्याला कसं दिसणार? जो धोका सांगितलाच नाही त्याला संमती दिली असं म्हणता येत नाही.

दुसरा मुद्दा पैशाचा. एअरलाइनचे नियम लावले तर छोटे क्लब बंद पडतील. हे मला पटतं. म्हणून एअरलाइनचे नियम लावा असं मी म्हणतच नाही. तीनच गोष्टी सक्तीच्या करा. प्रत्येक फेरीआधी वजन आणि गुरुत्वमध्याचा हिशोब कागदावर. पायलटची त्याच प्रकारच्या विमानावर, भरलेल्या वजनाने, दर वर्षी परीक्षा. आणि मोठ्या दुरुस्तीनंतर विमान माणसं न्यायला लागण्यापूर्वी बाहेरच्या, क्लबकडून पगार न घेणाऱ्या माणसाची तपासणी. यात क्लब बुडत नाही. बुडत असेल तर तो विमानाच्या देखभालीवर पैसे वाचवूनच चालला होता, असं म्हणावं लागेल.

आपला काय संबंध? आहे ना. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर उडी मारली, तेव्हा आपल्यापैकी बरेचजण जन्मालाही आले नव्हते. आज त्यांचं नाव घेऊन या खेळाकडे वळणारी मुलंमुली आहेत. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण आणलं, त्यात स्कायडायव्हिंगही आहे. आपल्याकडे हा खेळ अजून लहान आहे. म्हणूनच घडी आत्ता नीट बसवता येईल. खेळ वाढल्यावर, दोन-चार अपघात झाल्यावर नियम करायचे, ही आपली जुनी सवय इथे तरी नको.

आणि एक कबुली. त्या बायरनच्या दुरुस्तीबद्दल वाचताना मला माझीच फाइल आठवली. गेल्या सेमला टेन्साइल टेस्टच्या प्रॅक्टिकलला मी उशिरा पोचले. रीडिंग मैत्रिणीची उतरवली, ग्राफ छान आला, सही मिळाली. तेव्हा वाटलं, एका स्टीलच्या सळईने काय बिघडतंय? पण उद्या आपल्यापैकीच कोणीतरी कुठल्यातरी हँगरमध्ये, डेपोमध्ये, प्लांटमध्ये "तपासलं, ठीक आहे" असं लिहून खाली सही करणार आहे. ती सही बघून अनोळखी माणसं आत जाऊन बसणार आहेत. न बघता सही करायची सवय तिथे नव्याने लागत नाही. ती इथेच लागते, रात्री दीड वाजता, मॅगी खाता खाता.

उडी मी मारणार आहे. ठराव रद्द झालेला नाही. फक्त आत बसायच्या आधी मी विचारणार, विमान कोणत्या साली बनलं, याआधी कधी पडलं-झडलं होतं का, शेवटची तपासणी कधी आणि कोणी केली, आजचं वजन कोणी मांडलं. उत्तर देताना समोरचा वैतागला, तर मी पैसे परत मागून घरी येईन.

काकांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग? मी काय वेगळं विचारलं होतं?"