पट्टी काढायची कुणी?

२० सप्टेंबर २०१८ रोजी मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात प्रवाशांच्या नाकाकानातून रक्त येऊ लागलं. केबिनमध्ये हवेचा दाब राखणारं एक बटण चालू करायचं राहून गेलं होतं. विमान परत फिरलं, दोन्ही वैमानिकांना ड्युटीवरून उतरवलं गेलं. 'वैमानिक बटण विसरले' असे मथळे आले आणि चार दिवसांत सगळे ते विसरून गेले.

'मानवी चूक' या दोन शब्दांत एक मोठी सोय आहे. चुकणारा माणूस सापडला की बाकीच्यांना घरी जाता येतं.

पेरूमधलं प्रकरण पाहा. २ ऑक्टोबर १९९६ च्या मध्यरात्रीनंतर एरोपेरू कंपनीचं बोईंग ७५७ लिमाहून चिलीतल्या सँटिएगोला निघालं. त्याआधी विमान धुवून चकचकीत केलं होतं. विमानाच्या अंगावर काही बारीक छिद्रं असतात. बाहेरच्या हवेचा दाब त्यांतून मोजला जातो आणि त्यावर उंची व वेग दाखवणारे काटे चालतात. धुताना त्यांत पाणी जाऊ नये म्हणून ती चिकटपट्टीने झाकली होती. धुणं झालं, पट्टी राहिली.

उड्डाण होताच कॉकपिटमध्ये गोंधळ सुरू झाला. एक इशारा सांगत होता, वेग फार वाढलाय; दुसरा सांगत होता, वेग इतका कमी की विमान कोसळेल. बाहेर काळोख, खाली समुद्र. वैमानिकांनी नियंत्रण कक्षाला उंची विचारली. तिथून आकडा मिळाला, पण तो आकडा रडारला याच विमानाने, त्याच बंद छिद्रांच्या भरवशावर कळवलेला होता! विमानाचा पंख पाण्याला लागला तेव्हा काटा सुमारे ९,७०० फूट दाखवत होता. सत्तरच्या सत्तर माणसं गेली.

पुढे न्यायालयात दोषी ठरला तो पट्टी न काढणारा कामगार. दोन वर्षांची शिक्षा झाली, तीही स्थगित. त्याची चूक होती, यात वाद नाही. पण त्याचं काम तपासायला वर माणसं होती. उड्डाणाआधी विमानाभोवती फेरी मारून पाहणी करण्याची पद्धत आहे, ती फेरीही झाली होती. चकचकीत धातूवरची पट्टी अंधारात कुणालाच दिसली नाही. इतक्या डोळ्यांतून जी गोष्ट निसटते ती एकाच्या विसरण्याने कशी निसटेल? शिक्षा मात्र सगळ्यात खालच्या पायरीवर जाऊन थांबते. आपल्याकडच्या पुलांच्या, कारखान्यांच्या, रेल्वेच्या चौकश्या आठवा, हे चित्र ओळखीचं वाटेल.

कुणी म्हणेल, लाल फीत लावा म्हणजे दिसेल. जुलै २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनहून मलेशिया एअरलाइन्सचं विमान निघालं, तेव्हा वेग मोजणाऱ्या नळ्यांवरची आवरणं तशीच होती. (तिथे एक गांधीलमाशी या नळ्यांत मातीचं घर करते, म्हणून आवरणं घालावी लागतात.) त्यांना लाल फिती होत्या. तरीही कुणी काढली नाहीत. विमान सुखरूप परतलं. चौकशीत पुढे आलं की आवरणं काढायची जबाबदारी नेमकी कुणाची, हेच विमान कंपनी आणि जमिनीवरची कामं करणारी कंपनी यांच्यात धड ठरलेलं नव्हतं. कंत्राटावर कंत्राट दिलं की असंच होतं. काम वाटलं जातं, जबाबदारी वाटेत सांडते.

चौकशी कशी असावी, याचं उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. १० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची समोरची काच हवेत निखळली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. कर्मचाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउथहॅम्प्टनला उतरवलं, कॅप्टन वाचला. काच बसवताना नव्वदपैकी ८४ बोल्ट किंचित बारीक लावले गेले होते. बसवणारा होता रात्रपाळीचा प्रमुख. त्याने जुना बोल्ट हातात धरून नुसत्या नजरेने नवे जुळवले. अहवालाने त्याचं चुकणं लपवलं नाही, पण तिथेच थांबलाही नाही. माणसं किती होती, उजेड किती होता, सुट्या भागांचं कोठार कसं होतं, आधी काढलेले बोल्टही चुकीचेच कसे होते, सगळं खोदून काढलं. आणि मुख्य म्हणजे, त्याचं काम दुसऱ्या कुणी तपासावं असा नियमच नव्हता, हे लिहून ठेवलं.

असे प्रश्न आपल्याकडे अपघात होण्याआधी विचारले जायला हवेत. वैमानिकांच्या कामाच्या तासांवर निदान वाद तरी होतात. रात्री अडीच वाजता शिडीवर चढून विमान पुसणाऱ्या कंत्राटी पोराला किती तास झाले, त्याच्या हातात कुठल्या रंगाची पट्टी दिली आणि ती निघाल्याची सही कुणी केली, हे विचारणारा कुणी आहे का? आणि 'मला वाटतं, काहीतरी राहिलंय' असं तो पोरगा विमान निघायच्या वेळी म्हणाला, तर त्याची नोकरी राहील का?