बॅटरी घ्या, पण किल्ला बांधू नका



हल्ली आपल्या कुठल्याही कार्यक्रमात, गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत असो की मुलांच्या सॉकरच्या मैदानाच्या कडेला, एक प्रश्न हमखास कानावर पडतो : "घरच्या सोलरला बॅटरी कुठली लावावी?" मग ब्रँडची नावे निघतात, कोटेशन्सची तुलना होते, कोणाच्या मेव्हण्याने काय घेतले ते कळते. माझ्या मते ही चर्चा चुकीच्या टोकाकडून सुरू होते. 'कुठली बॅटरी' हा तिसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न आहे 'कशासाठी?' आणि दुसरा, जो कोणीच विचारत नाही, तो आहे 'कोणासाठी?'

मी पदार्थविज्ञानात संशोधन करतो. कुठल्याही बॅटरी कंपनीशी किंवा वीजकंपनीशी माझा आर्थिक संबंध नाही. पण या विषयात विज्ञान जितके आहे, तितकेच राजकारणही आहे, आणि स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्या आपल्यासारख्यांनी ते टाळू नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम विक्रेत्यांच्या आवडत्या शब्दाकडे वळू : 'एनर्जी इंडिपेन्डन्स', म्हणजे ऊर्जास्वातंत्र्य. अमेरिकेतले सरासरी घर वर्षाला साडेदहा हजारांच्या आसपास युनिटे वापरते, म्हणजे दिवसाला सुमारे २९. टेस्लाच्या पॉवरवॉल ३ मध्ये साडेतेरा युनिटे मावतात. म्हणजे हे स्वातंत्र्य अर्धा दिवसही टिकत नाही! साडेतीन किलोवॉटचा सेंट्रल एसी सतत चालवला तर चार तासांच्या आत बॅटरी रिकामी. सात किलोवॉटच्या चार्जरवर गाडी लावली तर दोन तासही नाहीत. उलट फ्रीज, चार दिवे, इंटरनेट आणि फर्नेसचा पंखा एवढेच चालवले, दिवसाला पाचेक युनिटांत भागवले, तर तीच बॅटरी सूर्यदर्शन झाले नाही तरी अडीच दिवस पुरते. आणि न्यू जर्सीच्या डिसेंबरात छप्पर जे देऊ शकत नाही, ते जूनमध्ये साठवून ठेवणारी घरगुती बॅटरी कोणीही विकत नाही. बॅटरी दुपार संध्याकाळपर्यंत नेते, उन्हाळा हिवाळ्यापर्यंत नेत नाही. तेव्हा ग्रिडपासून स्वातंत्र्य ही जाहिरातीतली कविता आहे, हिशेबातले वाक्य नव्हे.

आता कोणी म्हणेल, पूर्ण नाही तर थोडे स्वातंत्र्य, काय बिघडले? बिघडते ते मनोवृत्तीत. आपल्यापैकी बहुतेकांना महाराष्ट्रातले भारनियमन आठवत असेल. २००५ नंतरच्या काही वर्षांत गावोगाव रोज कित्येक तास वीज जात होती. ज्यांना परवडत होते त्यांनी इन्व्हर्टर घेतले. वीज आली की हेच इन्व्हर्टर आधीच तुटवडा असलेल्या ग्रिडमधून आपली बॅटरी भरून घेत, आणि वीज गेली की त्या घरातला पंखा फिरत राही. त्याहून वाईट परिणाम असा की, ज्या वर्गाचे वर्तमानपत्रात पत्र छापून येते, ज्याचा अधिकाऱ्याला फोन लागतो, त्या वर्गाची तक्रारच थंडावली. पाण्याचे असेच झाले : बोअरवेल, टँकर, फिल्टर. शाळांचेही असेच झाले. सार्वजनिक व्यवस्था कोसळली की मध्यमवर्ग ती दुरुस्त करण्याच्या मागे लागत नाही, तो स्वतःपुरती पर्यायी व्यवस्था विकत घेतो आणि मागे राहिलेल्यांना वाऱ्यावर सोडतो. सातासमुद्रापार येऊन, 'पॉवरवॉल' नावाच्या महागड्या इन्व्हर्टरच्या रूपात आपण तेच करणार आहोत का?

"मग काय वीजकंपनीचे गोडवे गायचे?" असा प्रश्न इथे येणारच. मुळीच नाही. कॅलिफोर्नियातल्या पीजी अँड ई या कंपनीने २०१८ च्या कॅम्प फायरप्रकरणी ८४ जणांच्या सदोष मनुष्यवधाचा गुन्हा २०२० मध्ये न्यायालयात कबूल केला. २०१९ च्या ऑक्टोबरात याच कंपनीने वणव्याच्या भीतीने लाखो लोकांची वीज बंद ठेवली. तेव्हा बॅटरीची गरज खोटी नाही. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असेल, फ्रीजमध्ये इन्सुलिन असेल, तर ती चैन नव्हेच. पण अशा कंपनीला वठणीवर आणायचे असेल, तर तिच्यापासून तोंड फिरवून काय साधणार? छप्पर असलेले बाहेर पडले की तारांचा, खांबांचा आणि वणव्यांचा खर्च ज्यांना बाहेर पडता येत नाही त्यांच्यावर अधिक पडतो. ते कोण? भाड्याने राहणारे. सेंट्रल व्हॅलीच्या उन्हात पत्र्याच्या मोबाइल होममध्ये राहणारे शेतमजूर. आणि कालपरवा एच-वन व्हिसावर येऊन दोन बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये राहणारी आपलीच पुतणी. हा बोजा नेमका किती, यावर वीजकंपन्या आणि सोलर कंपन्या भांडत आहेत आणि दोघेही आपापल्या सोयीचे आकडे देतात. पण दिशेबद्दल शंका घ्यायचे कारण नाही.

सुदैवाने तंत्रज्ञानानेच दुसरी वाट खुली केली आहे. कॅलिफोर्नियात दुपारी सौर वीज इतकी होते की काही वेळा ती वाया घालवावी लागते. सूर्य मावळला की मागणी चढते आणि गॅसवरची केंद्रे पेटवावी लागतात. ही केंद्रे श्रीमंतांच्या वस्तीशेजारी क्वचितच असतात. ऑक्सनार्ड या शेतमजुरांच्या, मुख्यतः लॅटिनो वस्तीच्या गावाने किनाऱ्यावर येऊ घातलेल्या आणखी एका गॅस केंद्राला विरोध केला, २०१७ मध्ये तो प्रकल्प अडला, आणि २०२१ मध्ये तिथे १०० मेगावॉटची बॅटरी उभी राहिली. तुमच्या गॅरेजमधली बॅटरी याच कामाचा छोटा वाटा उचलू शकते. जुलै २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एक लाखाहून अधिक घरगुती बॅटऱ्यांनी एका संध्याकाळी दोन तास एकत्र येऊन ग्रिडला ५०० मेगावॉटहून अधिक वीज पुरवली. याला 'व्हर्च्युअल पॉवर प्लँट' म्हणतात. सहभागी घरांना मोबदला मिळतो आणि स्वतःसाठी किती राखीव ठेवायचे, ते घरमालक ठरवतो. व्हरमाँटमध्ये ग्रीन माउंटन पॉवर ही वीजकंपनीच ग्राहकांना माफक भाड्याने बॅटऱ्या देते आणि गरजेच्या वेळी त्या वापरते. मॅसॅच्युसेट्समध्येही 'कनेक्टेड सोल्युशन्स' ही योजना आहे.

कल्पना आपल्याला परकी नाही. २००६ मध्ये पुण्यात उद्योगांनी मागणीच्या वेळी स्वतःचे जनरेटर चालवून ग्रिडवरचा भार हलका केला, त्याचा जादा खर्च शहरातल्या ग्राहकांनी वाटून घेतला, आणि पुण्याचे भारनियमन टळले. ते जनरेटर डिझेलचे होते, आणि बाकीचा महाराष्ट्र अंधारातच राहिला, ही त्या प्रयोगाची मोठी मर्यादा. पण खासगी यंत्र सार्वजनिक तुटवड्याच्या कामी लावता येते, हे त्याने दाखवले. आज तेच धुराविना करता येते.

आता या भूमिकेतून निवड कशी करायची ते पाहू.

१. गरज मोजा. वर्षभराची तासागणिक बिलाची माहिती वीजकंपनीच्या संकेतस्थळावर असते. तीत संध्याकाळचा वापर पाहा. वीज गेल्यावर काय चालू राहिलेच पाहिजे, याची यादी करा. बॅटरीला दोन आकडे असतात : टाकी केवढी, म्हणजे किलोवॉट-तास, आणि नळ केवढा, म्हणजे किलोवॉट. पॉवरवॉल ३ ची टाकी १३.५ आणि नळ ११.५. एनफेजच्या ५पी ची टाकी ५ आणि नळ ३.८४, पण ती हवी तितकी जोडत जाता येते. यादी छोटी असेल तर छोटी बॅटरी पुरे. 'होल होम बॅकअप' हा बहुधा विक्रेत्याच्या कमिशनचा बॅकअप असतो. आणि हे लक्षात ठेवा : नुसते सोलर असेल आणि बॅटरी नसेल, तर ग्रिड गेल्यावर लख्ख उन्हातही छपरावरची वीज सहसा बंद होते. तारांवर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवासाठी तो नियम आहे, आणि योग्य आहे.

२. पैशाचा हिशेब आपल्या राज्याच्या नियमांनी करा. कॅलिफोर्नियात १५ एप्रिल २०२३ पासून अर्ज करणाऱ्यांना ग्रिडला दिलेल्या युनिटाचे फारच कमी पैसे मिळतात. त्यांना बॅटरी फायद्याची ठरू शकते. समजा बॅटरीतले प्रत्येक युनिट ४५ सेंट वाचवते आणि रोज अशी १० युनिटे वापरली जातात : वर्षाला सुमारे १,६४० डॉलर. सगळे मिळून १५,००० डॉलर खर्च आला, तर नऊ वर्षांत वसूल. त्याआधीच्या योजनेतले असाल, तर २० वर्षे ग्रिडच तुमची जवळजवळ फुकट बॅटरी आहे. तिथे वाचणारा फरक ३० सेंट धरला, तर वसुलीला चौदा वर्षे लागतील, आणि हमी बहुतेक १० वर्षांची असते. न्यू जर्सीसारख्या पूर्ण नेट मीटरिंगच्या राज्यात तर नुसत्या बिलासाठी बॅटरी घेणे हा हौसेचा मामला आहे. तिथे ती घ्या वीज जाते म्हणून, किंवा ग्रिडला मदत म्हणून, पण 'बचत' या नावाखाली नको.

३. रसायन विचारा. आज घरासाठी लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, घ्यावे. निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या, म्हणजे एनएमसी बॅटरीच्या तुलनेत ती जागा थोडी जास्त घेते, पण जास्त तापमान सोसते, अधिक वर्षे टिकते, आणि तीत कोबाल्ट नाही, म्हणजे काँगोतल्या खाणींमधल्या बालमजुरीचा डागही नाही. जानेवारी २०२५ मध्ये मॉस लँडिंगच्या प्रचंड साठवणकेंद्राला आग लागली, त्या इमारतीत एनएमसी होती. एलएफपीचा मूळ शोधनिबंध १९९७ चा : लेखक पाढी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ, टेक्सास विद्यापीठ, ऑस्टिन. गुडइनफ यांना पुढे २०१९ चे नोबेल विभागून मिळाले. यूएल ९५४० हे प्रमाणपत्र मागा. बॅटरी निजायच्या खोलीत नको. आणि शून्य अंश सेल्सिअसखाली लिथियम बॅटरी भरणे तिला अपायकारक असते, म्हणून मिनेसोटातल्या मंडळींनी ती बाहेरच्या भिंतीवर लावण्याआधी उत्पादकाची तापमानमर्यादा वाचावी.

४. मालकी कोणाची ते पाहा. घरमालकांना मिळणारी ३० टक्क्यांची केंद्रीय करसवलत २०२५ च्या कायद्याने त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरनंतरच्या खर्चासाठी बंद केली. बॅटरी भाड्याने देणाऱ्या कंपन्यांना मात्र सवलतीचा मार्ग मोकळा ठेवला. म्हणूनच विक्रेते आता 'शून्य डॉलरात बॅटरी' घेऊन दारात येतात. वीस-पंचवीस वर्षांचा करार, दरवर्षी वाढणारा हप्ता, आणि घर विकताना तोच करार गळ्यात. हमीसुद्धा देणारा जिवंत असेपर्यंतच : सनपॉवर ऑगस्ट २०२४ मध्ये आणि सनोव्हा जून २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली. उत्पादकाची हमी आणि बसवणाऱ्याची हमी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही लेखी घ्या.

५. आणि सर्वात महत्त्वाचे, ती ग्रिडला जोडता येते का ते विचारा. तुमच्या भागात कुठली योजना आहे, ती कुठल्या बॅटऱ्या स्वीकारते, मोबदला तुम्हाला मिळणार की कंपनीला, राखीव साठा तुमच्या हातात राहणार का? ज्या विक्रेत्याला या चार प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत, त्याला चहा पाजून परत पाठवा.

शेवटचा मुद्दा. काही बॅटऱ्या घरात नसाव्यातच. पोर्तो रिकोतल्या आदहुंतास गावात 'कासा पुएब्लो' ही लोकसंस्था १९९९ पासून सौर वीज वापरत होती. २०१७ च्या मारिया चक्रीवादळानंतर बेट महिनोन् महिने अंधारात असताना लोक तिथे आपली वैद्यकीय उपकरणे चालवायला येत. २०२३ मध्ये त्या गावाच्या चौकातल्या दुकानांना जोडणारी सामायिक सौर-बॅटरी व्यवस्था उभी राहिली. आपल्या मंडळांच्या काही ठिकाणी स्वतःच्या वास्तू आहेत, मोठी छपरे आहेत, आणि त्या वर्षातले बरेच दिवस रिकाम्या असतात. पुढच्या वर्गणीतून आणखी एक झुंबर घेण्याऐवजी तिथे बॅटरी बसवावी आणि वीज गेली की दार उघडावे, कुठल्याही भाषेच्या शेजाऱ्याला. आपल्या शहराच्या वाचनालयासाठी आणि शाळेसाठी हीच मागणी नगरपरिषदेच्या बैठकीत करावी. ग्रीन कार्ड असो वा नसो, तिथे बोलायला नागरिकत्व लागत नाही.

बॅटरी जरूर घ्या. पण वीज गेलेल्या रात्री गल्लीत फक्त आपल्याच घरात दिवा आहे, याचा अभिमान वाटावा असे काही नाही. तो दिवा शेजाऱ्याच्या काय कामी येतो, हे आधी ठरवा, आणि मग ब्रँड निवडा.

मतभेद असतील तर अवश्य कळवा.