विश्लेषण : स्पोर्ट्स कारमध्ये इंजिनापेक्षा टायरच जास्त का गरजतात? कमी आवाजाचे टायर निवडायचे कसे?

स्पोर्ट्स कार म्हटलं की इंजिनाची डरकाळी आठवते. पण महामार्गावर ८०-१०० च्या वेगाने जाताना केबिनमध्ये जो सलग घुमणारा आवाज येतो, तो बहुतांशी टायरचा असतो. युरोपात गाड्यांच्या आवाजाची मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली येते आहे, भारतातही टायरच्या आवाजासाठी नियम लागू झाले आहेत आणि इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कारमध्ये तर टायरचा आवाज झाकायला इंजिनच नाही. म्हणून ‘शांत टायर’ हा आता फक्त चैनीचा विषय राहिलेला नाही.

टायरचा आवाज येतो कुठून?

मुख्यतः तीन ठिकाणांहून. पहिलं, टायरच्या नक्षीचे ठोकळे रस्त्यावर सतत आपटतात आणि टायर थरथरतो. दुसरं, खाचांमध्ये अडकलेली हवा दाबली जाऊन वेगाने बाहेर पडते. टायर आणि रस्ता यांच्यामधली निमुळती जागा कर्ण्यासारखी वागते आणि हा आवाज आणखी मोठा करते. तिसरं, टायरच्या पोकळीतली हवा साधारण २०० हर्ट्‌झच्या आसपास घुमते. खड्डा किंवा सांधा ओलांडताना येणारा ‘ढुम्म’ असा नाद त्यातलाच.

साधी मोटार ताशी ४० किलोमीटरच्या आसपास पोहोचली की तिच्या इंजिनापेक्षा टायरचा आवाज वरचढ ठरू लागतो.

मग स्पोर्ट्स कारमध्येच तो जास्त का जाणवतो?

पोर्श ९११ करेरा एसचं उदाहरण घ्या. ९९२ पिढीच्या या गाडीला पुढे २४५/३५ झेडआर २० आणि मागे ३०५/३० झेडआर २१ मापाचे टायर येतात. मागच्या टायरची रुंदी ३०५ मिलिमीटर आणि बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ३० टक्के, म्हणजे जेमतेम ९१ मिलिमीटर. रुंद टायर रस्त्याला जास्त भिडतो, जास्त हवा दाबतो. बुटकी, ताठ भिंत वळणावर गाडी घट्ट धरते, पण रस्त्याचे हादरे पचवत नाही. त्यात वजन वाचवण्यासाठी अशा गाड्यांमध्ये ध्वनिरोधक साहित्यही कमी असतं. टायर रनफ्लॅट असतील तर भिंत आणखी कडक होते.

नियम काय सांगतात?

युरोपीय संघात टायरची आवाजमर्यादा रुंदीवर ठरते. मोटारीचा टायर १८५ मिलिमीटरपर्यंत असेल तर ७० डेसिबल, त्यापुढे २४५ पर्यंत ७१, २७५ पर्यंत ७२ आणि त्याहून रुंद टायरला ७४. जास्त भार पेलणाऱ्या ‘एक्सएल’ टायरला आणखी एका डेसिबलची सूट. म्हणजे स्पोर्ट्स कारच्या मागच्या टायरला नियमच जास्त आवाज करू देतो.

संपूर्ण गाडीच्या आवाजाचं गणितही असंच आहे. युरोपचा तिसरा टप्पा नव्या मॉडेल्सना जुलै २०२४ पासून आणि नव्याने नोंद होणाऱ्या सर्व मोटारींना जुलै २०२६ पासून लागू आहे. त्यात सर्वसाधारण मोटारीला ६८ डेसिबलची मर्यादा आहे, तर अतिशक्तिशाली, बुटक्या स्पोर्ट्स कारला ७२.

भारतात रस्ते वाहतूक मंत्रालयाने जून २०२२ मध्ये अधिसूचना काढून मोटारी, हलके ट्रक, तसंच ट्रक-बसच्या टायरना तीन कसोट्या बंधनकारक केल्या : इंधन खाणारा घर्षणरोध, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज. एआयएस-१४२ या मानकानुसार नव्या डिझाइनच्या टायरना हे १ ऑक्टोबर २०२२ पासून लागू झालं आणि जुन्या डिझाइनना २०२३ पासून. अडचण एवढीच, की टायर ‘पास’ झाला हे कळतं, पण किती डेसिबलवर पास झाला याचं युरोपसारखं लेबल इथल्या दुकानात दिसत नाही.

लेबलवरचा आकडा कसा वाचायचा?

युरोपात मे २०२१ पासून लागू असलेल्या लेबलवर आवाजासाठी ए, बी, सी अशा श्रेणी आणि डेसिबलचा आकडा असतो. मर्यादेपेक्षा ३ किंवा जास्त डेसिबलने शांत असलेल्या टायरला ए मिळतो. पण मर्यादाच रुंदीप्रमाणे बदलते, त्यामुळे दोन वेगवेगळ्या मापांची नुसती श्रेणी पाहून तुलना करू नका. आकडा पाहा. ३ डेसिबल वाढले की ध्वनिऊर्जा दुप्पट होते, तर १० वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. एका डेसिबलचा फरक कानाला फारसा कळत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, हा आकडा गाडीच्या आतला नाही. इंजिन बंद ठेवून गाडी ८० च्या वेगाने घरंगळत नेतात आणि मार्गाच्या मध्यरेषेपासून साडेसात मीटरवरच्या मायक्रोफोनने आवाज मोजतात. म्हणजे लेबल रस्त्याकडेच्या माणसाचा त्रास सांगतं, तुमच्या केबिनचा नाही.

फोमचे टायर हा उपाय आहे का?

केबिनपुरता, हो. कॉन्टिनेन्टलचं कॉन्टीसायलेंट, मिशलिनचं अकूस्टिक, पिरेलीचं पीएनसीएस या तंत्रांत टायरच्या आत पॉलियुरेथेन फोमची पट्टी चिकटवलेली असते. ती पोकळीतला घुमारा शोषते. बाहेरच्या आवाजावर तिचा फारसा परिणाम होत नाही. शिवाय पंक्चर झाल्यावर आतून पॅच लावायचा तर त्या जागेचा फोम काढावा लागतो. तुमचा पंक्चरवाला हे काम करतो का, हे आधीच विचारून घ्या.

शांत टायर घेतला तर पकड कमी होते?

होऊ शकते, आणि खरी तडजोड इथेच आहे. कंपन्यांच्या दोन वेगळ्या मालिका असतात : मिशलिनची पायलट स्पोर्ट आणि प्रायमसी, ब्रिजस्टोनची पोटेन्झा आणि तुरांझा. पहिली पकडीसाठी, दुसरी आरामासाठी. पण आरामाच्या मालिकेत खूप रुंद मापं अनेकदा मिळत नाहीत. आपल्याकडे चार महिने पावसाचे. तेव्हा आधी ओल्या रस्त्यावरची श्रेणी पाहा आणि त्यात चांगल्या ठरलेल्या टायरमधून शांत टायर निवडा. उलट क्रमाने जाऊ नका.

आपल्या रस्त्यांचं काय?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग काँक्रीटचे आहेत. काँक्रीटवरच्या आडव्या खाचा आणि सांधे यांमुळे डांबरी रस्त्यापेक्षा टायर जास्त आवाज करतो. त्यामुळे नव्या टायरची चाचणी घेताना तोच रस्ता, तोच वेग ठेवा. नाहीतर टायर बदलल्याचं श्रेय किंवा दोष रस्त्याचाच निघायचा.

पैसे खर्च करण्याआधी काय तपासावं?

- टायरवरून हात फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागत असेल तर झीज असमान आहे. अलाइनमेंट न सुधारता नवे टायर टाकले तर तेही तसेच गरजू लागतील.
- वळताना घूंऽऽ असा आवाज बदलत असेल तर चाकाचं बेअरिंग तपासा.
- हवेचा दाब कंपनीने दिलेलाच ठेवा, टायर थंड असताना मोजा.
- बाजूच्या भिंतीवर ई खुणेजवळच्या क्रमांकाशेवटी एस२ असेल तर टायर आवाजाच्या दुसऱ्या, कडक टप्प्यात बसतो.
- भार आणि वेगाचा निर्देशांक मूळ टायरपेक्षा कमी नको. पोर्शसाठी एन, मर्सिडीजसाठी एमओ, बीएमडब्ल्यूसाठी तारा अशा खुणा असतील तर चारही टायर त्याच खुणेचे घ्या.

हा फक्त हौशी मालकांचा प्रश्न आहे का?

नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ मध्ये रस्त्यावरचा वाहतुकीचा आवाज रात्री सरासरी ४५ डेसिबलखाली असावा, अशी शिफारस केली. भारताच्या २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांतही निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ च आहे. बदललेल्या सायलेन्सरवर पोलीस कारवाई करू शकतात, टायरच्या घरघरीवर नाही. ती कमी होते ती दुकानात टायर निवडतानाच. दुकानदाराने डेसिबलचा आकडा दाखवायला हवा, ही मागणी म्हणूनच गाडी नसलेल्यांच्याही फायद्याची आहे.